दानियालची फियाट, डॉक्टरांची अँबॅसडर

वलीभाईच्या शेडवर नवखं कुणी आलं आणि त्यानं "चाचा, फियाट चांगली की अँबॅसडर?" असं विचारलं, की समजायचं, ह्याचं काम आज होत नाही. वली हातोडी खाली ठेवणार, त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघणार आणि म्हणणार, "गाडी ठोकायला आणलीस का सोयरीक जुळवायला?" झालं, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, डेंटर माणूस, सारा जन्म पत्रा ठोकण्यात गेला, त्याला ह्या प्रश्नाचा एवढा राग कशाला? बोर्लीच्या नाक्यावर तर हा वाद रोजचा. साठी ओलांडलेले चार जण चहाला बसले की एक म्हणणार, अँबॅसडर म्हणजे म्हैस, बसायला सोफा, नऊ माणसं कोंबा, वर नवरीची ट्रंक बांधा, हूं की चूं करायची नाही. लगेच दुसरा उसळणार, अहो, पण म्हशीला चारा किती लागतो! फियाट बघा, शेळीसारखी, दिवेआगरच्या कुठल्याही वाडीत दोन दगडी गडग्यांमधनं अंग चोरून निघते. दोन्ही गाड्या एकाच काळातल्या. दोघींचा गियर स्टेअरिंगच्या दांडीला, दोघींना पुढं अखंड बाकडं. भांडायला माणसाला एवढं पुरतं. एके काळी ह्या भांडणाचा पंच वलीच असायचा. तो सांगायचा, "इंजिनाचं मला विचारू नका, मी पत्र्याचा माणूस. खारी हवा दोघींना सारखीच खाते. कुठनं खायला सुरुवात करते, तेवढंच बघायचं." लोक हसायचे, वलीही हसायचा. पण ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट.

वली मूळचा दिघीचा. बाप गलबतावर खलाशी होता. वली अठराव्या वर्षी कुवेतला गेला आणि तिथं पत्र्याचं काम शिकला. बारा वर्षांनी परत आला तो बोर्ली-दिघी रस्त्याला शेड टाकून बसला. कुवेतहून येताना दोन गोष्टी आणल्या: एक गॅस वेल्डिंगचा संच आणि दुसरा दानियाल. दानियाल तिकडे त्याच्याच खोलीत राहायचा. मोठ्यानं हसणारा, दिलदार, हातात दोन घास असले तर दीड दुसऱ्याला देणारा माणूस. वलीनं त्याला आपली धाकटी बहीण हफ्सा दिली. "भाईनं पारखून आणलाय," हफ्सा मैत्रिणींना सांगायची, आणि खरंच सांगायची.

दानियालनं श्रीवर्धनच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी फियाट घेतली आणि दिघीच्या धक्क्यावर टॅक्सी म्हणून लावली. आगरदांड्याहून फेरीबोट आली की पाहुणे फियाटमध्ये, आणि पाहुण्यांच्या मागं डिकीत वेणूबाई कोळणीच्या मासळीच्या पाट्या. शहाणा टॅक्सीवाला डिकीत मासळी घेत नाही. ओलं खारं पाणी झिरपतं आणि आतनं लोखंड खातं. वलीनं किती वेळा सांगितलं. दानियाल म्हणायचा, "अरे वली, म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन बोर्लीपर्यंत चालणार, आणि मी रिकाम्या डिकीनं पुढं जाणार? अल्ला काय म्हणेल?"

दुसरी गाडी, अँबॅसडर, बोर्लीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांची. फियाटच्याच सालातली, पांढरी. डॉक्टरांना एकच व्यसन. संध्याकाळी ओहोटी लागली की दिवेआगरच्या पुळणीवर गाडी घालायची आणि ओल्या वाळूतनं टोकापर्यंत जाऊन यायचं. एकीला मासळीच्या पाण्यानं खाल्लं, दुसरीला पुळणीनं. आणि दोघींना खाल्लं ते एकाच ठिकाणी. मागच्या चाकांवर गाडीचा भार घेणारे जे लोखंडी पाटे असतात, त्यांचं टोक डिकीखाली बॉडीला बोल्टनं धरलेलं असतं. ती जागा गेली की मागचं चाक कुणाच्याच हातात राहत नाही.

चौदा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात वलीच्या शेडमध्ये उभ्या होत्या, शेजारी शेजारी. तेव्हा किनाऱ्यावर नुकतं फायबरचं वेड आलं होतं. लाकडी होड्यांना सगळे फायबर चढवून घेत होते. जाळी अंथरायची, वरनं केमिकल फासायचं, की एका दिवसात दगड. वेणूबाईचा नवरा सदा ह्या कामात वाकबगार, आणि वली त्याच्याकडून शिकला. मग काय विचारता! स्कूटरचा मडगार्ड, पाण्याची टाकी, कुणाच्या गाडीचं गंजलेलं दार, सगळ्याला वलीचं फायबर. वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग मारला, की नवरीसारखं. श्रीवर्धनपासून माणसं यायची. वली फुशारला होता, खोटं कशाला बोला.

फियाटची डिकी उघडून त्यानं टोचणी मारली तर पत्रा पापडासारखा तुटला. तिथं जाड पट्टी वेल्ड करायला हवी होती, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण गॅसचा सिलिंडर संपला होता, महाडहून दुसरा यायला दोन दिवस होते, आणि दानियालला उद्या सकाळी माणगावचं भाडं होतं. फायबरचा डबा समोर उघडाच होता. वलीनं चार थर दिले, बोल्ट आवळला, वरनं डांबर फासलं. सदा सहज आला होता, तो वाकून बघत म्हणाला, "वली, फायबर पानी आडवतो. वजन न्हाय पेलत. होडीला खाली दर्या हाय उचलून धरायला. हिला काय हाय?" वली हसून म्हणाला, "सदा, तू होडी बघ, गाडी माझ्याकडं सोड." दोन दिवसांनी सिलिंडर आलाही. पण तोवर डॉक्टरांच्या अँबॅसडरलाही त्यानं त्याच डब्यातनं तेच चार थर दिले होते, आणि झालेलं काम पुन्हा उकलायला कोण बसतो?

त्या साली रमजान ऐन पावसात आला. एकविसावा रोजा. दानियाल माणगावला भाडं सोडून एकटाच परत येत होता. घरी हफ्सानं भजी तळायला घेतली आणि फोन लावला, "कुठवर आलात? लवकर या, अजान व्हायला आली." तो म्हणाला, "आलोच, हा उतार उतरलो की आलोच." उताराच्या दुसऱ्या वळणावर फियाट रस्ता सोडून खाली ओहोळात गेली. दानियाल जागीच गेला. त्यांचा मुलगा हुझैफा तेव्हा अकरा वर्षांचा होता, दारात खजुराची वाटी घेऊन बापाची वाट बघत उभा होता.

वली तिथं पोचला तेव्हा माणसं मयताभोवती होती. त्याची नजर मात्र गाडीच्या मागच्या चाकाकडे गेली. चाक आडवं वळलं होतं. शर्टाचं बटण कापडासकट निघावं, तसं पाट्याचं टोक फायबरच्या तुकड्यासकट निघून आलं होतं. वली तिथंच चिखलात बसला. लोकांना वाटलं, मेहुण्यासाठी बसला.

फियाट ओढून शेडच्या मागं आणली. सदा आला, वाकून बघितलं, मग वलीच्या तोंडाकडे बघितलं. आपल्या होडीवरची ताडपत्री आणली, डिकीवर टाकली आणि चारी बाजूंनी दोरीनं आवळली. पुढं तीन वर्षांनी सदा वारला. तोवर त्या दोघांत फायबरचा शब्द निघाला नाही.

पंचनाम्यात लिहिलं, चालकानं घाईनं, हयगयीनं गाडी चालवली. गावानं त्याचं सोपं करून टाकलं: "रोजा सोडायची घाई." मयताच्या घरात बायका हफ्साला धरून बसल्या होत्या आणि ती एकच वाक्य म्हणत होती, "मी बोलावलं त्यांना. मी लवकर या म्हटलं." वली पडवीत बसून हे ऐकत होता. तेव्हाच उठून बोलायचं होतं. त्याला वाटलं, घरात मयत असताना कसं बोलू? चाळिसावा होऊ दे. चाळिसावा झाला, मग वाटलं, बकरी ईद जाऊ दे. ईद गेली. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर, असं करत एक दिवस माणसाच्या ध्यानात येतं की आता बोललो तर "इतके दिवस का गप्प बसलास?" ह्याचंच उत्तर आधी द्यावं लागेल. मग तो आणखी गप्प बसतो.

आणि हफ्सा? त्या दिवसापासून तिनं रस्त्यावर असलेल्या माणसाला फोन केला नाही. दुपार कलली, असरची नमाज झाली की ती फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवते. घरातलं माणूस उंबऱ्यातनं आत आलं की बाहेर काढते. हुझैफा तीन वर्षं दुबईला व्हॅन चालवत होता. तीन वर्षांत आईनं त्याला एकदाही फोन लावला नाही, तो करायचा तेव्हाच बोलायची. कोण जाणे, पोरगा त्या वेळी गाडीवर असला तर! दर रमजानला ती भावाला इफ्तारचं ताट पाठवते, तीसही दिवस. लोकांना सांगते, "माझ्या माणसाची गाडी भाईनं भंगारात दिली न्हाय. जीव लावून ठेवलीय." वली ते ताट खायचा. कसा खायचा, ते त्याचं त्याला माहीत.

ह्या रमजानच्या दहाव्या रोजाला दिवेआगरचा निकेत टेम्पोवर ती पांढरी अँबॅसडर घालून शेडवर आला. वादळात त्याची सुपारीची वाडी आडवी झाली होती. उरलेल्या नारळांत त्यानं चार खोल्या बांधल्या होत्या आणि आता पाहुणे ठेवत होता. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. चौदा वर्षांपूर्वी वलीकडनं गाडी नेल्यावर महिन्याभरातच ते अर्धांगानं पडले, तेव्हापासून गाडी विटांवर उभी होती. त्यांच्या मुलानं ती निकेतला दिली.

"वलीचाचा, इंजिन मी करून घेतलंय. पत्रा तुमच्याकडे. दिघीला फेरीबोटीवरनं पाहुणे आणायचे ते हिच्यातनंच. लोक वेडे होतात हो जुन्या गाडीसाठी!" निकेत खूश होता. मग त्यानं मागं ताडपत्रीकडे बोट केलं. "आणि ती फियाट पण द्या ना. नुसती अंगणात उभी करू दोघींना. कोण चांगली ते पाहुण्यांनाच ठरवू दे."

"तिला हात लावायचा न्हाय," वली म्हणाला.

"बरं, राहिलं. पण एक आनंदाची बातमी ऐका. ड्रायव्हर कोण ठेवलाय माहितीये? तुमचा हुझैफा. मामानं गाडी करायची, भाच्यानं चालवायची. कसं?"

निकेत गेल्यावर वली गाडीखाली सरपटला. डांबर तसंच होतं, त्याच्याच हातचं. त्यानं हातोडीचा दांडा तिथं हळूच टेकवून ठोकलं. चांगला पत्रा असता तर टण् वाजला असता. ठक् वाजलं. गाडीखाली उताणा पडल्या पडल्या त्यानं डोळे मिटले आणि म्हटलं, या अल्ला, फिरून माझ्याच दारात आणलीस.

पण माणूस मोठा बेरकी प्राणी असतो हो. उठून बसेपर्यंत वलीनं मनात सगळं जुळवलंही होतं. फायबर कापून टाकायचं, जाड पट्टी वेल्ड करायची, वर रंग. कुणाला कळायचं कारण नाही. हुझैफा सुरक्षित, आपण सुरक्षित, झाकली मूठ सव्वा लाखाची. हुझैफा मदतीला आला तर वलीनं त्याला महाडला पिटाळलं, अमुक जाडीची पट्टी आण, तमुक बोल्ट आण. पोरगा म्हणाला, "मामू, मी थांबतो ना, मला पण शिकू दे." वली ओरडला, "शिकायचं मागून! आधी सांगितलंय ते आण!" पोरगा बिचारा हिरमुसून गेला.

तो गेल्यावर वलीनं ग्राइंडर लावला. फायबरची धूळ उडाली, घशात बसली, आणि रोजा असल्यामुळं पाणीही पिता येईना. थर सुटून आले, तेव्हा आत पत्रा नव्हताच. नुसता तांबडा भुगा होता. बोल्टनं कशाला धरलं होतं, हेच समजेना. भुगा हातात घेऊन तो उठला, शेडच्या मागं गेला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. फियाटच्या डिकीखाली ते भोक होतं. कडेला फायबरची फाटकी झालर लोंबत होती. तीच जाळी, तेच चार थर, कडेला बोटानं फिरवलेलं तेच डांबर. दोन्हींत फरक शोधायला तो आला होता. एक का तुटली आणि एक का टिकली? फरक काहीच नव्हता. फियाट राबत होती आणि अँबॅसडर विटांवर उभी होती, एवढंच. डॉक्टर आजारी पडले नसते तर तेही असेच गेले असते. वली फियाटच्या मडगार्डवर कपाळ टेकून रडला, मोठ्यानं रडला. रस्त्यावरनं जाणाऱ्या एका रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि मग गेला.

पट्टी आली. वलीच्या शेडमध्ये गेली चौदा वर्षं भरलेला एक जादा सिलिंडर कायम उभा असतो. लोक चेष्टा करतात, वलीभाई गॅसची एजन्सी काढणार म्हणून. त्या सिलिंडरवर त्यानं चार दिवस वेल्डिंग केलं, दोन्ही बाजूंना, जितकं लागतं त्याच्या दुप्पट. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. पंधराव्या रोजाला दुपारी निकेत आणि हुझैफा आले आणि गाडी चालवून बघायला दिघीच्या धक्क्यावर घेऊन गेले. हुझैफानं दांडीचा गियर टाकला आणि बापासारखाच मोठ्यानं हसला. वली शेडच्या दारात उभा राहून बघत होता. सुटलो, असं त्याला वाटलं.

असर झाली तशी हफ्सा स्वतः आली. एरवी ताट शेजारची कुणी पोर आणून द्यायची. आज ती ओढणीखाली ताट घेऊन आली. सांदणं, भजी, कलिंगडाच्या फोडी, खजूर. ताट तिनं बाकड्यावर ठेवलं आणि दुसऱ्या हातातली पिशवी पुढं केली.

"भाई, हे तुझ्याकडं ठेव."

पिशवीत तिचा फोन होता.

"हा कशाला?"

"हुझैफा उद्यापासनं ह्या रस्त्यानं गाडी चालवणार. त्याच उतारावरनं. डब्यात ठेवला तरी घरातच हाय ना तो! मी आई हाय, मला राहवणार न्हाय. एखाद्या दिवशी उशीर झाला, जीव वरखाली झाला, तर मी लावीन फोन. माझ्या हातनं एकदा झालंय भाई. परत नको. तू कुलपात घाल. तुझ्याशिवाय मी कुणाकडं देऊ?"

ती अगदी सरळ बोलत होती. रडत नव्हती. चौदा वर्षांत तिचं ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. वलीनं फोन हातात घेतला. सांगून टाकलं म्हणून आपण सुटत नाही, हे त्याला कळत होतं. गाडी बरी झाली होती. तोंड बंद ठेवलं असतं तर कुणीही, कधीही विचारलं नसतं. पण बहीण समोर उभी होती, आणि न केलेल्या पापाचं ओझं सांभाळायला त्याच्याच हातात देत होती.

"तुझ्या फोननं न्हाय गेला तो," वली म्हणाला.

"जाऊ दे भाई. तू समजूत घालतोस, मला ठाऊक हाय."

"समजूत न्हाय घालत. हफ्सा, माझ्यानं गेला. इकडं ये."

त्यानं तिला शेडच्या मागं नेलं. ताडपत्री बाजूला केली. वाकायला लावलं, भोक दाखवलं. पाट्याचं टोक इथं धरलेलं असतं, हे सांगितलं. इथं पट्टी लावायची सोडून मी होडीचं फायबर लावलं, हे सांगितलं. सदानं बजावलं होतं, तेही लपवलं नाही. तो उभ्या उभ्या सगळं एका दमात बोलत गेला, आणि बोलताना त्याला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना. हफ्सा खाली बसली. तिनं त्या भोकात हात घातला आणि फाटक्या झालरीवरनं बोटं फिरवली.

"त्या डॉक्टरच्या गाडीला पण असंच होतं?"

"व्हय. काढलं. पट्टी लावली आता. हुझैफाला काय होणार न्हाय, अल्लाची कसम."

"आता लावलीस." ती उठली. "मग तेव्हा का न्हाय लावलीस?"

वलीनं चौदा वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर मनात घोळवलं होतं. किती मोठी मोठी वाक्यं रचली होती.

"गॅस संपला होता," तो म्हणाला.

"गॅस?"

"दोन दिवसांनी येणार होता. त्याला भाडं होतं..."

"दोन दिवस थांबला असता तो! मी थांबवला असता. घरी बसला असता, हुझैफाला घेऊन पुळणीवर गेला असता. तू त्याला सांगितलंस का, थांब म्हणून?"

"न्हाय."

"आणि मला? मी तिथं आत बसून ऊर बडवत होते, मी मारलं, मी मारलं म्हणून. तू पडवीत होतास ना? ऐकत होतास ना?"

"होतो."

हफ्सानं ओढणीनं तोंड पुसलं. मग भावाच्या हातातला फोन काढून घेतला. तो सुरू केला. नंबर शोधला आणि कानाला लावला. ह्या वेळी, पोरगा रस्त्यावर असताना, पहिल्यांदा.

पलीकडनं हुझैफाचा घाबरलेला आवाज वलीलाही ऐकू आला. "अम्मी? काय झालं? अम्मी, तू फोन केलास?"

"काय झालं न्हाय. कुठं हायस?"

"धक्क्यावरनं निघालोय. वेणूआजी भेटली, तिची पाटी डिकीत घेतलीय. बाजूला उभी केलीय गाडी. खरंच काय झालं न्हाय ना?"

"न्हाय रे बाळा. आजीला सोड नि ये. लवकर ये," हफ्सा म्हणाली. चौदा वर्षांत हे दोन शब्द ती कुणालाच म्हणाली नव्हती. "लवकर ये, मी वाट बघते."

फोन बंद करून ती रस्त्याकडे निघाली. शेडच्या दाराशी थांबली. बाकड्यावरच्या ताटाकडे तिची नजर गेली. वलीला वाटलं, उचलून नेणार. न्यावंच, असंही वाटलं.

"रोजेदाराच्या तोंडचं मी काढून न्यायची न्हाय," ती म्हणाली. "आज खा. उद्यापासनं ताट येणार न्हाय. आणि हुझैफाला मी सांगेन, तू सांगायचं न्हायस. तुला सांगायचं होतं तेव्हा तू सांगितलं न्हायस."

ती गेली. वली बाकड्यावर ताटाशेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं दिघीकडनं पांढरी अँबॅसडर आली. हुझैफानं शेडपाशी सवयीनं हॉर्न वाजवला, काचेतनं हात केला, "मामू!" म्हणून ओरडला. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. शेडसमोर रस्त्याला मोठा खड्डा आहे. गाडीचं मागचं चाक त्यात गेलं आणि वर आलं. वलीनं कान दिला. पाट्याचा आवाज आला नाही, पत्रा कुरकुरला नाही, काही नाही. गाडी बोर्लीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. मशिदीत रोजा सोडायची अजान सुरू झाली. वलीनं ताटातला खजूर उचलला, पण तो तोंडापर्यंत नेईपर्यंत अजान संपून गेली होती.